वाचक विचारतात : देवापुढे लीन व्हायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, अंकासाठी आम्ही लीनतेविषयी प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. वाचक कॅथलिक आहेत तसे प्रॉटेस्टंटही, म्हणून उत्तरांतही दोन्हीकडचं आलं आहे.

प्रश्न : रोज रात्री प्रार्थनेत मी ‘प्रभू, मी पापी आहे, अपात्र आहे’ असं म्हणतो. वर्षानुवर्षं म्हणत आलो आहे. आता त्या शब्दांत जीव उरलेला नाही. लीनता यावी म्हणून आणखी काय म्हणावं? (अहिल्यानगर)

आणखी काही म्हणू नका. कमी म्हणा, पण नेमकं म्हणा. ‘मी पापी आहे’ हे वाक्य खरंच आहे, पण ते एवढं ऐसपैस आहे की कुठलंही एक पाप त्यात सहज दडून बसतं. त्याऐवजी ‘आज दुपारी भावाचा फोन आला, जमिनीचा विषय निघाला आणि मी त्याला तोडून बोललो, कारण माझी लबाडी उघडी पडेल अशी भीती वाटली’ हे देवापुढे बोलून पाहा. जीभ अडखळेल. ती अडखळते तिथून प्रार्थना सुरू होते.

लूक १८:९–१४ मधल्या येशूच्या दृष्टांतात दोघं मंदिरात प्रार्थना करतात : धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी असलेला जकातदार. परूशी खोटं बोलत नाही, हे आपण विसरतो. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. त्याचं बिनसतं ते दुसरीकडेच : बोलतो देवाशी, पण नजर शेजारच्या जकातदारावर. ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ या जकातदाराच्या प्रार्थनेत तिसरं माणूसच नाही. (‘प्रभू, मी त्या परूशासारखा नाही याबद्दल तुझे आभार’ अशी प्रार्थना आपल्याकडे किती मनोभावे होते, हा वेगळा विषय.)

नेमकेपणाची सवय लागायला संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आखून दिलेली आत्मपरीक्षा आजही उपयोगी पडते. पंधरा मिनिटं पुरतात. आधी आभार. आज मिळालेल्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगायच्या. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, त्यासाठी स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं म्हणा. तिसऱ्या टप्प्यात सकाळी उठल्यापासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालायचा. इथे फक्त पापं वेचायची नाहीत, देवाने कुठे सांभाळलं तेही पाहायचं. याला पाच-सहा मिनिटं द्या. चौथ्या टप्प्यात एक किंवा दोनच गोष्टींची, नाव घेऊन, क्षमा मागायची. शेवटी उद्यासाठी एक जागा ठरवायची. ‘उद्यापासून नम्र वागेन’ हे ठरवणं नव्हे. ‘उद्या बैठकीत ते बोलू लागले की त्यांचं वाक्य पुरं होऊ देईन’ हे ठरवणं.

बहुतेकांचं फसतं पहिल्याच टप्प्यावर. आभार वगळून लोक थेट पापांकडे धावतात. मग पंधरा मिनिटं स्वतःला रागावण्यात जातात आणि तेही स्वतःकडेच पाहत बसणं असतं. दुसरी चूक अंथरुणात पडून करण्याची, कारण तिसऱ्या टप्प्याच्या आत झोप लागते. जेवणाआधी खुर्चीत बसून करा. तिसरी चूक पानंच्या पानं लिहिण्याची.

एकच दोष घट्ट रुतलेला असेल, उदाहरणार्थ दुसऱ्याला कमी लेखून बोलणं, तर त्याच्यासाठी इग्नेशियस यांनी आणखी साधी युक्ती दिली आहे. दिवसाला दोन रेघा. दुपारी जेवणानंतर आठवायचं आणि जितक्या वेळा घडलं तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्रीचे ठिपके खालच्या रेघेवर. मग दोन्ही रेघा, दोन दिवस आणि दोन आठवडे ताडून पाहायचे. दोष एकच घ्या, तीन धरलेत तर आठवड्यात वही बंद पडेल. सुरुवातीला ठिपके वाढले तर घाबरू नका. बोलणं बिघडलेलं नसतं, ते आता दिसू लागलेलं असतं.

काहींना मात्र हा उपाय सोसत नाही. कबूल केलेलं, क्षमा मिळालेलं पाप जे पुन्हा पुन्हा उकरतात आणि ‘नीट पश्चात्ताप झाला की नाही’ या शंकेने रात्रभर जागतात, त्यांनी आत्मपरीक्षा पाच मिनिटांवर आणावी आणि एकाच अनुभवी पाळकाचं किंवा फादरांचं मार्गदर्शन घ्यावं. झोप आणि काम बिघडत असेल तर डॉक्टरांनाही दाखवावं. हा सदसद्विवेकाचा आजार आहे, त्याला लीनता समजून जपू नये.

प्रश्न : लीनतेच्या बारा पायऱ्या असतात असं एका रिट्रीटमध्ये ऐकलं. त्या कोणत्या? आपल्यासारख्या संसारी माणसांना त्यांचा उपयोग आहे का? (वसई)

त्या संत बेनेडिक्ट यांच्या आहेत. सहाव्या शतकात इटलीत त्यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यातल्या सातव्या प्रकरणात या पायऱ्या येतात. सगळ्या जशाच्या तशा घरात आणता येणार नाहीत. तिसरी पायरी मठाधिपतीच्या आज्ञापालनाची आहे. दहावीत चटकन हसू नये असं सांगितलं आहे, ते लहान मुलांच्या घरात चालायचं नाही, आणि चालूही नये असं आमचं मत आहे.

पण त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली पायरी म्हणजे देव मला सतत पाहतो आहे याचं भान. बाकीचं सारं तिच्यावर उभं आहे. दुसरी स्वतःचीच इच्छा पुरवत न बसण्याची. पाचवी म्हणजे मनातले वाईट विचार आणि लपून केलेल्या चुका एका माणसाला स्पष्ट सांगणं. सहावीत हलक्यातलं हलकं काम वाट्याला आलं तरी समाधान. सातवी कठीण आहे : स्वतःला सर्वांहून कमी म्हणणं नुसतं जिभेवर नको, ते मनाला पटलेलं हवं. नववी ते अकरावी बोलण्या-हसण्याविषयी आहेत, आणि मान खाली, नजर जमिनीकडे, चालण्या-बसण्यात नम्रपणा हे सगळं येतं बाराव्या पायरीवर. तिथेच बेनेडिक्ट त्या जकातदाराचे शब्द आठवतात.

आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, आपण नेमके बाराव्या पायरीपासून चढायला लागतो. आवाज मऊ, मान तिरकी, हात जोडलेले. पहिल्या पायरीला, म्हणजे कोणी बघत नसतानाच्या वागण्याला, हातच लागत नाही. मग माणूस कमिटीच्या बैठकीत एकदा चिडला की सगळे म्हणतात, ‘एवढा नम्र माणूस, आज काय झालं?’ काहीच झालेलं नसतं.

संसारी माणसाने पहिली, पाचवी आणि सहावी एवढ्या तीन घ्याव्यात. पाचवीसाठी कॅथलिकांना प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याचा विधी, आहे. प्रॉटेस्टंटांनी ‘एकमेकांजवळ पापं कबूल करा’ सांगणारं याकोब ५:१६ वाचावं आणि तोंड बंद ठेवणारा एक विश्वासू माणूस शोधावा. असा माणूस मिळायला वेळ लागतो, घाईने कोणालाही निवडू नये. सहावीसाठी मंडळीतलं, कोणाचंही नाव पुकारलं जात नाही असं एक काम वर्षभर धरावं : उपासनेनंतर खुर्च्या रचणं, भांडी घासणं, आजारी माणसाला रिक्षाने दवाखान्यात नेणं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की ते काम मोजू नये.

याच पायऱ्यांवर बाराव्या शतकात क्लेर्व्हो येथील संत बर्नार्ड यांनी ग्रंथ लिहिला आणि त्यात उलट्या दिशेने गर्वाच्या बारा पायऱ्या उतरून दाखवल्या. त्यांची सुरुवात वाटते तशी बढाईने होत नाही, ती होते नसत्या कुतूहलाने. कोण काय करतो, कोणाचं काय चाललंय, इकडे नजर भिरभिरू लागली की स्वतःकडे पाहणं थांबतं. बढाई चौथी येते. आठवी आपल्या चुकांचं समर्थन करण्याची आहे. नववी फार धारदार आहे : खोटी कबुली. आपला दोष इतका फुगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला तो खराच वाटू नये आणि त्यानेच म्हणावं, ‘छे, तुम्ही कुठले असे!’

प्रश्न : मी क्वायरमध्ये गाते. उपासनेनंतर लोक कौतुक करतात. ‘मी काहीच नाही, सगळं प्रभूचं’ असं म्हणते, पण मनातून सुखावलेली असते. हा दांभिकपणा झाला का? (पुणे)

सुखावणं हा दांभिकपणा नाही. चांगलं गायलं गेल्याचा आनंद होणारच. ‘मी काहीच नाही’ म्हणणं मात्र सोडून द्या. एक तर ते खरं नाही, तुम्ही सराव केला होता. दुसरं म्हणजे ते ऐकून समोरच्याला पुन्हा कौतुक करावं लागतं, म्हणजे पावती दोनदा फाटते. ‘आवडलं ना, बरं वाटलं’ एवढं म्हणा आणि विषय बदला. ऑर्गन वाजवणाऱ्याचं नाव घेण्यासारखं असेल तर घ्या. घरी गेल्यावर १ करिंथ ४:७ वाचा. तुला मिळालेलं नाही असं तुझ्याकडे काय आहे, असं पौल तिथे विचारतो. हा प्रश्न देणगी नाकारत नाही, ती कुठून आली तेवढं विचारतो.

परीक्षा कौतुकाच्या वेळी होत नाही. पुढच्या महिन्यात एकल गाणं दुसरीला दिलं जाईल, तेव्हा तुमच्या आवाजातला जोर कमी होतो का, ते पाहा.

प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं याची मंडळीपुढे साक्ष देणाऱ्यांसाठीही हेच. दहा मिनिटांच्या साक्षीत आठ मिनिटं जुन्या पापांची रसभरीत वर्णनं आणि दोन मिनिटं प्रभू, असं होत असेल तर लिहून काढा आणि प्रमाण उलटं करा. कापणीच्या सणाच्या लिलावात चढाओढीने बोली लावणाऱ्यांनी, दानधर्म गुप्तपणे करा असं सांगणारं मत्तय ६:१–४ आदल्या रात्री वाचावं. बोली खुशाल लावावी, मंडळीला पैसे लागतातच.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा हात उगारतो. मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, ‘ताई, ख्रिस्ती स्त्रीने लीन राहावं, सोसावं, प्रभू बदलेल.’ मी लीन नाही का? (नाव, गाव देऊ नये)

ताई, मार खाणं म्हणजे लीनता नव्हे. तुम्हाला दिलेला सल्ला चुकीचा आहे, आणि तो वचनाच्या नावाने दिला गेला म्हणून जास्त चुकीचा आहे.

प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना कामदाराने येशूला चपराक मारली, तेव्हा येशू गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२२–२३). पौलाला फिलिप्पै शहरात बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो हलला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने सांगितलं आणि ते आले (प्रे. कृत्ये १६:३५–३९). पृथ्वीवरच्या सर्व माणसांत नम्र असं ज्याच्याविषयी गणना १२:३ सांगतं, तो मोशे फारोच्या तोंडावर उभा राहिला होता. ‘देवाच्या हाताखाली लीन व्हा’ हे १ पेत्र ५:६ मधलं वचन लोक पुष्कळदा ऐकवतात. त्याच अध्यायात, तीन वचनं आधी, वडीलवर्गाला, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, धनीपण चालवू नका अशी आज्ञा आहे, तीही त्यांना ऐकवायला हवी. बेनेडिक्ट यांच्या चौथ्या पायरीत अन्याय शांतपणे सोसणं आहे हे खरं, पण ते स्वखुशीने व्रत घेतलेल्या मठवासीयासाठी आहे. घरातल्या मारहाणीवर ते लावता येत नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिथल्या सिस्टरांनी चर्चच्या अधिकाराच्या नावाने मत लादायचा प्रयत्न केला, तेव्हा एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं त्यांचं पुढचं आयुष्य ज्यांना माहीत आहे ते रमाबाईंना गर्विष्ठ म्हणणार नाहीत.

आता करायचं ते. धोका समोर असेल तर ११२ वर फोन करा. सल्ला आणि मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, तिथे संरक्षणाचा आदेश आणि त्याच घरात राहण्याचा हक्क दोन्ही मागता येतात. जखमेची नोंद सरकारी दवाखान्यात करून कागद बाहेर, माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. पाळकांशी बोलायचं तर एकटीने, किंवा विश्वासू बाईला सोबत घेऊन. नवऱ्यासमोर एकत्र ‘समुपदेशन’ मारहाण चालू असताना नको : तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर महागात पडतं. क्षमा हा तुमचा आणि प्रभूचा विषय आहे. त्या घरात परत जायचं की नाही हा वेगळा निर्णय, तो सुरक्षितता पाहून घ्या.

प्रश्न : कमिटीच्या बैठकीत मी खजिनदारांवर सर्वांसमोर हिशेबाचा खोटा आरोप केला. चूक कळली आहे. माफी मागायची आहे, पण तोंड उघडत नाही. (सोलापूर)

मत्तय ५:२३–२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करायला जायचं आहे, म्हणून चर्चमधल्या पुढच्या प्रभुभोजनाच्या विधीची तारीख ही तुमची मुदत धरा. नाहीतर दिवाळी येईल.

आधी त्यांच्या घरी एकटे जा. वाक्य तयार करून जा आणि ते चार ओळींपेक्षा मोठं नको : ‘त्या बैठकीत मी तुमच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप केला. तो खोटा होता. मी कागद न बघता बोललो. मला क्षमा करा.’ यात ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ नको, कारण त्याने चूक त्यांच्या वाटण्यावर ढकलली जाते. ‘पण तुम्हीही पावत्या उशिरा दिल्यात’ हे तर अजिबात नको. बर्नार्ड यांची आठवी पायरी ती हीच. रडून ओरडून ‘मी नीच आहे’ म्हणालात तर त्यांनाच तुमचं सांत्वन करत बसावं लागेल, ती नववी.

मग पुढच्या बैठकीत, ज्यांच्यासमोर आरोप झाला त्यांच्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हणा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. आरोप चारचौघांत आणि माफी स्वयंपाकघरात, हा हिशेब जुळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

भरपाईही बघा. लेवीय ६ मध्ये फसवून घेतलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा द्यायचा आहे, येशू ज्याच्या घरी गेला त्या जक्कय जकातदाराने तर चौपट देऊ केलं. तुमच्याकडून पैसे गेलेले नाहीत, नाव गेलं आहे. ज्यांच्या कानावर तुम्ही ते घातलंत त्या प्रत्येकाला फोन करून ‘ते खोटं होतं’ सांगणं, ही तुमची परतफेड. यादी करा. ती वाटते त्यापेक्षा लांब निघते.

त्यांनी लगेच क्षमा केली नाही तर तगादा लावू नका. माफी मागणं तुमच्याकडे होतं, देणं त्यांच्याकडे आहे.

प्रश्न : मुलगी हुशार आहे, मोठं व्हायचं म्हणते. आजी म्हणते, एवढी हाव बरी नव्हे, लीन राहा. कोणाचं खरं? (नागपूर)

दोघींचं. संत थॉमस अक्विनास यांनी हा गुंता तेराव्या शतकातच सोडवला आहे. देवाने दिलेल्या देणग्यांकडे पाहून माणूस मोठ्या कामाला हात घालतो, आणि स्वतःच्या उणिवांकडे पाहून लीन राहतो. दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात. देणगी मातीत पुरून ठेवणाऱ्या दासाला मत्तय २५ मध्ये शाबासकी मिळालेली नाही, हे आजींना सांगा. पहिला नंबर आल्यावर वर्गातल्या मागे पडलेल्या मैत्रिणीला गणित शिकवायला बस, हे मुलीला सांगा.

प्रश्न : वय बहात्तर, गुडघे गेलेत, मधुमेह आहे. गुडघे टेकता येत नाहीत, उपास झेपत नाही. देवापुढे शरीराने लीन कसं व्हावं? (मालवण)

राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपास कॅथलिक नियमाप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच बंधनकारक आहे. त्यात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं चालतं. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून असतो, आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा बंधनच नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहू नका, साखर एकदम उतरते. तेवढे दिवस चहाबरोबरची बिस्किटं किंवा रात्रीची सिरियल सोडा. गुडघ्यांऐवजी खुर्चीत ताठ बसून तळहात वर करून मांडीवर ठेवा आणि स्तोत्र १३१ म्हणा. तीनच वचनांचं आहे, पाठ होतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, पाय धुण्याच्या विधीला तुम्हाला बोलावलं तर नाही म्हणू नका. योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो, तिथे पेत्राला अवघड गेलं ते पाय धुणं नव्हतं, धुऊन घेणं होतं. आणि सून मोजे घालून देते तेव्हा ‘राहू दे, माझं मी करते’ म्हणून पाय मागे घेत असाल, तर यंदाच्या उपवासकाळात ते सोडून बघा.